झोपाळ्याचं कच्चं कडं

सूनबाईनं वाफेवरून काढलेला वेत साच्यावर वळवायला घेतला आणि तो मधोमध तुटला. नीट वाफवलेला वेत असा तुटत नाही, फार तर एखादी चीर निघते. हा मात्र बिस्किटासारखा मोडला. तिनं दुसरा घेतला. तो कसाबसा वळला, पण आतल्या अंगानं फाटला. नखानं साल काढून पाहिली, तर वरून हस्तिदंतासारखा दिसणारा वेत आत राखाडी होता.

बुरशी लागलेला माल. कुणीतरी तो औषधात बुडवून उजळवला होता, आणि उजळता उजळता त्यातला जीव गेला होता. मोळी सोडली तेव्हा तिला तो जरा जास्तच गोरा वाटला होता. पण गोऱ्या रंगाला भुलणारी ती काही पहिलीच नव्हती.

मग तिला झोपाळा आठवला. याच मोळीतल्या सगळ्यात जाड वेताचं कडं करून तिनं गेल्या आठवड्यात एक टांगता झोपाळा पाठवला होता. अशा झोपाळ्यात माणसाचा सगळा भार वरच्या कड्यावर येतो. खालची वीण कितीही घट्ट असो, कडं गेलं की सगळं गेलं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. वेताच्या खुर्च्यांच्या त्यांच्या कारखान्यात सासरे गिऱ्हाइकांना "ही माझी सून, आता हिच्याशी बोला" असं सांगायचे, तेव्हापासून ती साऱ्या बाजाराची सूनबाई झाली. सासरे गेले त्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि नवरा त्या दिवशी माल आणायला परगावी गेला होता. झोपाळ्याची ऑर्डर ज्या घरसजावटवाल्यानं आणली होती त्याला तिनं फोन लावला.

"तो झोपाळा कुणाकडे गेला?"

"सांगायचं नाही असं ठरलंय. गिऱ्हाइकाची अट आहे."

"भाऊ, त्याचं कडं कच्चं आहे. कुणी बसलेलं असताना तुटलं, तर अट घेऊन काय करायचंय?"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "तुमच्या नणंदेकडे."

वन्सं फ्रॉक घालायच्या वयापासून बापाच्या मांडीला मांडी लावून विणायला बसत. त्यांच्यासारखा हात कारखान्यात कुणाचा नव्हता, खुद्द सासऱ्यांचाही नाही. पण कारखाना सोपवायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्यानं तो मुलाच्या आणि सुनेच्या स्वाधीन केला. त्या दिवशी वन्सं एकच वाक्य बोलल्या, "माझी बोटं तुम्हाला चालली, मी नाही चालले." तेव्हापासून बोलणं बंद.

सूनबाईनं वन्संना फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर तिकडून कापला. तिनं मोडके तुकडे पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली.

भर दुपारची गर्दी होती. प्रत्येक सिग्नलला तिचा जीव कासावीस होत होता, आणि नको असताना स्वतःचंच बोलणं आठवत होतं. घरसजावटवाला आला तेव्हा तिनं त्याला सासऱ्यांचं सगळं भाषण ऐकवलं होतं. इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतही विणलेली आसनं सापडतात. रोमन काळातल्या एका दगडी शिल्पात एक बाई विणलेल्या खुर्चीत ऐटीत बसून केस विंचरून घेते आहे. पुढे जहाजांत माल हलू नये म्हणून मधे वेत कोंबायचे आणि बंदरात फेकून द्यायचे. कुणा शहाण्यानं तो कचरा उचलून त्याच्या खुर्च्या केल्या. आणि शेवटी सासऱ्यांचं लाडकं वाक्य: "लाकडाची खुर्ची म्हणते, माझ्यासारखं बस. वेताची म्हणते, तू बसतोस तशी मी बसते." या वाक्यावर गिऱ्हाईक हमखास विरघळायचं. "पिढ्यान्‌पिढ्या टिकेल," असंही ती म्हणाली होती, तेही छातीवर हात ठेवून.

वन्संनी दार उघडलं. तिला पाहून कपाळाला आठी पडली, पण लगेच ओठांवर बोट आलं.

"हळू. लेक झोपलीय."

गॅलरीचं दार सताड उघडं होतं. झोपाळा तिथेच टांगलेला. त्यात भाची पाय पोटाशी घेऊन गाढ झोपली होती आणि तिच्या छातीवर तान्हं बाळ. बाळाला खाली ठेवलं की ते रडे, म्हणून कित्येक दिवस आईलाही झोप नव्हती. हा झोपाळा आल्यापासून दोघं त्यात डोळे मिटू लागली होती. पाठीला वारा लागायचा, घाम यायचा नाही, आणि आईच्या श्वासाबरोबर झोपाळाही हळूहळू हलायचा. झोपाळ्याच्या पुढ्यातच अंगणात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. सूनबाईची नजर त्यांच्या कडांवर खिळली.

"वन्सं, तिला उठवा," ती कुजबुजली. "कडं कच्चं आहे."

"कळलं वाटतं कुणाकडे गेलाय ते," वन्संही कुजबुजल्या. "आणि लगेच परत मागायला आलीस."

"परत नकोय मला. माल खराब निघालाय."

"कडं कुणी वळवलं?"

"मी."

"मग असेल कच्चं."

ते तिनं गिळलं. पिशवीतले तुकडे पुढे केले. वन्संनी हात लावला नाही. "तुकडे कुठूनही आणता येतात. किती दिवसांनी डोळा लागलाय पोरीचा, माहितीये? तुझ्या शब्दावर मी तिला उठवू?"

"माझ्या नका. पण ऐका तरी."

"काय ऐकू?"

"झोपाळा ऐका."

दोघी गप्प उभ्या राहिल्या. चांगला वेत भाराखाली कुरकुरतो, म्हाताऱ्या माणसासारखा, पण त्या कुरकुरीत ओल असते. हा कुरकुरत नव्हता. झोपाळा मागे गेला की वर कुठेतरी बारीक, कोरडं 'टिक' होत होतं. पुढे आला की पुन्हा 'टिक'.

वन्संचा चेहरा उतरला. त्या चवड्यांवर गॅलरीत गेल्या आणि हात वर करून कड्याला अंगठा लावला. सालीचं वेष्टण एका जागी ओठ उघडावेत तसं उघडलं होतं, आणि दर हेलकाव्याला त्या ओठांतून राखाडी भुगा सांडत होता. दुसऱ्या हातानं त्यांनी तिला जवळ बोलावलं. आता त्यांच्या डोळ्यांत भांडण नव्हतं.

"दचकून उठली तर एका बाजूला जोर येईल," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "बाळ आधी काढलं तरी ती दचकणार. खालून आधार पाहिजे."

"स्टूल?"

"आत शिरणार नाही. तू शीर."

सूनबाई ओणवी झाली आणि झोपाळ्याखाली सरकली. तळहात फरशीवर टेकून तिनं पाठ वर उचलली, तसा विणलेला तळ तिच्या खांद्यांवर बसला. भार कड्यावरून तिच्या अंगावर आला. टिकटिक थांबली. तिला आता फक्त फरशी आणि वन्संचे अनवाणी पाय दिसत होते.

"बाळा," वन्संचा आवाज आला, अगदी मऊ. "बाळा, जागी हो. हलू नकोस."

"काय झालं, आई?"

"काही नाही. पिल्लू माझ्याकडे दे. हं. आता पाय खाली सोड. एक एक."

"खाली काहीतरी आहे."

"मामी आहे."

"मामी? खाली काय करतेय मामी?"

"ते मागनं विचार. उतर."

भाचीचे पाय फरशीला लागले. ती उठायला पुढे झुकली आणि सगळा भार कडेला गेला. डोक्यावर फटाका फुटावा तसा आवाज झाला. झोपाळा सूनबाईच्या पाठीवर आदळला, तिची हनुवटी फरशीला लागली, कड्याचं तुटकं टोक तिची मान खरवडत गेलं. भाचीचा तोल पायऱ्यांकडे गेलेला, आणि वन्संनी एका हातात बाळ धरून दुसऱ्या हातानं तिचा दंड पकडलेला. ती पायरीच्या कडेला गुडघ्यावर बसली. बस्स, एवढंच. बाळानं टाहो फोडला, आणि तो आवाज त्या घडीला सगळ्यांनाच गोड लागला.

सूनबाई झोपाळ्याखालून बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली. रडू येत होतं, पण वन्संसमोर रडायचं नाही म्हणून तिनं दात आवळले. वन्संनी कापूस आणि औषध आणलं आणि मानेवरचं रक्त पुसलं, जरा दाबूनच.

"आईनंच मागवला होता," भाची बाळाला थोपटत म्हणाली. "म्हणाली, मला आजोबांची वीण घरात हवी."

"ती वीण आजोबांची नाहीच," वन्सं म्हणाल्या. "ती मी काढली. तेव्हा मी शाळेत होते."

"मला माहीत आहे," सूनबाई म्हणाली. "मामंजींनी सांगितलं होतं. शिकवताना ते तुमचंच नाव घ्यायचे. मी चुकले की म्हणायचे, ती असं करत नाही."

वन्संचा हात मानेवर थांबला. त्या कापसाचा बोळा घडी घालावी तसा दुमडत राहिल्या. मग त्यांनी तुटकं कडं उचललं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा वेत आणखी कुठे गेलाय?"

"एक आरामखुर्ची. तळ्याकडच्या मास्तरांची."

"आणि तू इथे टेकून बसलीयेस?"

दोघी एकाच स्कूटरवर निघाल्या. वाटेत खड्डा आला की वन्सं तिचा खांदा धरत होत्या. मास्तर खुर्चीत पेपर वाचत होते आणि उठायला तयार नव्हते. इतकी सुखाची खुर्ची जन्मात मिळाली नव्हती, संध्याकाळी या म्हणाले.

"संध्याकाळी पेपर तुम्ही जमिनीवर वाचत असाल, मास्तर," वन्सं म्हणाल्या. "तेही पाठीवर पडून."

मास्तर उठले. खुर्चीचा मागचा पाय सांध्याशी निम्मा गेला होता.

नवरा परत आल्यावर त्यांनी ती मोळी जाळली आणि बाजारातल्या बाकीच्या कारागिरांना त्या व्यापाऱ्याबद्दल सांगितलं. सूनबाईच्या मानेवरची जखम भरली, पण पुढे महिनाभर ती वाफेवरचा प्रत्येक वेत आधी मोडायचा प्रयत्न करी आणि मगच वळवी. रात्री डोळा लागता लागता तिला ते टिकटिक ऐकू यायचं.

झोपाळ्याचं नवं कडं मात्र वन्संनी तिला एकटीला करू दिलं नाही. साचा आणि शेगडी आपल्या गॅलरीत मागवली. एका दुपारी दोघींनी दोन टोकं धरून वेत वळवला. वन्सं अधूनमधून "घाई नको" एवढंच म्हणत होत्या.

कडं बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे केलं म्हणून कारखान्याचं मी विसरले, असं समजू नकोस."

"नाही समजत."

"तुझ्या नवऱ्यालाही सांग."

"सांगते. तुम्हीच येऊन सांगितलंत तर बरं होईल. त्याला माझं ऐकू येत नाही."

वन्संना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग कड्यावर आपलं सगळं वजन टाकून त्या लोंबकळल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.