फुलबाईच्या बाह्या

लॅबमध्ये तिला सगळे फुलबाई म्हणत. फुलासारखी नाजूक होती म्हणून नव्हे. उन्हाळा असो की हिवाळा, तिच्या बाह्या मात्र फुल, पार मनगटापर्यंत, म्हणून. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. तिलाही त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं ती रक्त काढायच्या खोलीत बसत होती. समोरच्या खुर्चीत माणूस येऊन टेकला की ती म्हणे, "बाही वर करा, मूठ आवळा," आणि मग घरात कोण कोण आहे, सकाळपासून उपाशी आहात ना, असं काहीतरी विचारत असतानाच सुई आत गेलेली असे. तिच्याकडे येऊन रडलेलं मूल विरळाच. तिची स्वतःची बाही मात्र या सव्वीस वर्षांत कुणी वर गेलेली पाहिली नव्हती.

आणि त्या बाह्या काही साध्यासुध्या नसत. तिची आई शिवणकाम करायची, आणि उन्हाळा जवळ आला की बाकीची कामं बाजूला सारून लेकीसाठी तीन-चार ड्रेस शिवायला घ्यायची. कापड इतकं तलम, की मुठीत धरलं तर मावून जावं. खांद्यावर बारीक चुण्या, काखेत हवा खेळावी म्हणून जोडलेला चौकोनी तुकडा, मनगटाला दोन इवलीशी बटणं. डाव्या बाहीला आतून आणखी एक अस्तर असायचं, म्हणजे उजेडात उभं राहिलं तरी आतलं काही दिसू नये. नर्सबाया विचारत, कुठे शिवता हो एवढं सुरेख? ती म्हणे, घरचं मशीन आहे.

अस्तराच्या आत कोपरापासून खांद्यापर्यंत भाजल्याचा व्रण होता. वितळून पुन्हा गोठलेल्या मेणासारखी कातडी. ती अकरा वर्षांची असताना कपड्यांना घालायच्या गरम खळीचं पातेलं अंगावर सांडलं होतं. धाकटा भाऊ तेव्हा पाचाचा. दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा कसं झालं ते तिला नीट आठवत नव्हतं. आईने तिच्या कानाशी वाकून सांगितलं होतं, की त्यानेच खेळता खेळता पातेलं ओढलं, पण तो लहान आहे, त्याला काही कळत नाही. मोठा झाला आणि हे त्याच्या मनाने घेतलं तर जन्मभर खात राहील. तेव्हा तू हात झाकून ठेव, आणि त्याच्यासमोर हा विषय कधी काढू नकोस.

ती मोठी बहीण होती. तिने शब्द दिला आणि अडतीस वर्षं पाळला. मैत्रिणी पोहायला शिकल्या, ही काठावर टॉवेल सांभाळत बसली. एक स्थळ आलं होतं, मुलगा तिलाही आवडला होता; पण हात दाखवायची वेळ येईल, मग कसं झालं ते सांगायची, आणि हळूहळू ते भावापर्यंत जाईल, या विचाराने तिनेच पाय मागे घेतला. पुढे वडील गेले, आईचं वय झालं, आणि लग्नाचं राहिलं ते राहिलंच.

एवढं ज्याच्यासाठी केलं तो भाऊ मात्र अठराव्या वर्षी शिक्षणाचं निमित्त करून घराबाहेर पडला आणि पाहुण्यासारखा झाला. त्याच शहरात राहायचा, बसने पाऊण तासाचं अंतर. पण आला तरी खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा निवायच्या आत उठायचा. आईशी धड बोलायचा नाही. आईही त्याला आग्रह करायची नाही, याचं तिला नवल वाटे. गेल्या हिवाळ्यात आई महिनाभर दवाखान्यात होती. तो दोनदा आला, दोन्ही वेळा दारात उभा राहून गेला. आई गेली तेव्हा फुलबाईने त्याच्याशी भांडण केलं नाही, पण मनात गाठ मारून ठेवली. दगडाला पाझर फुटेल, याला नाही.

आईनंतरचा पहिला उन्हाळा आला तो आग ओकतच. त्यात तिचं एकोणपन्नासावं वर्ष. पाळी जायच्या बेतात होती. बसल्या जागी छातीतून एकदम आगीचा लोळ उठायचा, मान, कानशिलं पेटायची, आणि दोन मिनिटांत घामाने निथळून ती गार पडायची. जुने ड्रेस दंडात आणि पोटावर घट्ट व्हायला लागले होते. नवे शिवणारं कुणी राहिलं नव्हतं. दुकानात गेली तर तिच्या वयाच्या बायकांसाठी टांगलेलं सगळं एकतर गोणपाटासारखं, नाहीतर नातीचं मागून आणल्यासारखं. ती रिकाम्या हाताने परत आली.

एक दिवस भर सकाळी, एका आजोबांच्या हाताला पट्टा बांधता बांधता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुई अजून टोचली नव्हती म्हणून निभावलं. आजोबांनीच तिला खुर्चीत बसवलं आणि पाणी मागवलं. लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिचं ब्लडप्रेशर पाहिलं, आणि मग तिची बाही दोन बोटांत धरून एवढंच म्हणाल्या, की बाई, शरीर सांगतंय ते ऐका, आता हे पुरे करा.

त्याच आठवड्यात ती भावजयीकडे गेली. भावजय कपड्यांच्या दुकानात कापायचं काम करायची आणि घरी ओळखीच्यांचं शिवून द्यायची. बोलायला फटकळ, मनाने मोकळी. नणंदेचं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण नवराच जिथे जात नाही तिथे आपण किती जायचं, म्हणून येणंजाणं बेताचंच. माप घ्यायचं तर ड्रेस काढावा लागला. भावजयीने हात पाहिला. टेप गळ्यात तशीच राहिली. मग तिने काही न विचारता टेप दंडाभोवती लावली, आकडा लिहून घेतला, आणि म्हणाली, "बाह्या नकोच. बिनबाह्यांचा शिवते."

फुलबाई नाही म्हणाली. का नाही, ते सांगताना आयुष्यात पहिल्यांदाच ती सगळं बोलली. भावजय ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, तो आता त्रेचाळीस वर्षांचा आहे. त्याचे केस गळाले. अजून किती दिवस त्याला पाच वर्षांचा ठेवणार?"

कापड भावजयीनेच निवडलं: लिनन, एक गडद निळं आणि एक पिकल्या लिंबाच्या सालीसारखं पिवळं. पिवळं पाहून फुलबाई कचरली, या वयात हे काय म्हणून. भावजय म्हणाली, सैल घालायचं म्हणजे गबाळं घालायचं नव्हे; खांद्यावर नेमकं बसलं की खाली कितीही घेर चालतो. गळा जरा रुंद, कंबरेला काही नाही, दोन्ही बाजूंना खिसे, लांबी गुडघ्याखाली चार बोटं. आणि रंगाने कुणाचं वय वाढत नाही की कमी होत नाही, तोंड तेवढं उजळतं.

आठ दिवसांनी ती ड्रेस घालून पाहायला गेली. दुपारची वेळ होती, भाऊ कामावर असायचा. पिवळा ड्रेस अंगावरून खाली सरकला तो पाण्यासारखा. आरशात एक उंच, भरल्या अंगाची, बरी दिसणारी बाई उभी होती. पंख्याचा वारा काखेतून पाठीवर गेला आणि तिला हसूच आलं. एवढीशी गोष्ट, आणि आपल्याला ठाऊकच नव्हती. भावजयीने तिला वळायला लावलं, पाठीवरची एक टाचणी काढली. आणि दारात भाऊ उभा होता.

त्याच्या ऑफिसातली वीज गेली होती म्हणून लवकर सोडलं होतं. फुलबाईचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला, पण एक तळहात किती झाकणार? भाऊ पिशवी खाली ठेवायचंही विसरला. तिने घाईघाईने बोलायला सुरुवात केली, की तू लहान होतास, तुझी काही चूक नव्हती, मी कधी तुला मनातूनसुद्धा दोष दिला नाही.

"कसली चूक?" तो म्हणाला.

"पातेलं ओढलंस ती."

तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

"ताई, मी पातेलं ओढलं नाही," तो म्हणाला. "आईने ते माझ्यावर उगारलं होतं."

मग त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज खाली-वर झाला नाही. इतक्या वेळा मनात म्हटलेलं होतं. आईकडे मोठी ऑर्डर होती, पांढऱ्या चादरी. तीन दिवस ती नीट झोपली नव्हती. त्याने शाईचे हात एका तयार चादरीला पुसले. आई चुलीपाशी खळ ढवळत होती. ती वळली, हातात पातेलं तसंच, आणि किंचाळून तिने ते त्याच्यावर उगारलं. टाकायचं नव्हतं तिला, तो म्हणाला, मला आजही वाटतं की टाकायचं नव्हतं. पण बाहेरच्या खोलीतून ताई धावत आली, त्याला उचलायला आईकडे पाठ करून वाकली, आणि आईच्या हातातून पातेलं निसटलं.

"तू पाहिलं नव्हतंस. मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "आई त्या रात्री माझ्या पाया पडली, ताई. पाच वर्षांच्या पोराच्या. म्हणाली, तिला सांगू नकोस, ती मला आई म्हणणार नाही."

भावजय मशीनच्या स्टुलावर बसून राहिली होती. तिलाही यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

भाऊ पुढे म्हणाला, की त्या घरात पाऊल टाकलं की त्याला समोर ताईच्या बाह्या दिसायच्या आणि मशीनवर आई पुढच्या उन्हाळ्याच्या बाह्या शिवताना दिसायची. बसवत नसे. त्याला वाटायचं, ताईला हात दिसू द्यायची लाज वाटते. आपल्यासाठी झाकते, हे त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

फुलबाई त्या दिवशी नव्या ड्रेसवरच घरी गेली. वाटेत लोकांनी हाताकडे पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि आईने शिवलेले सगळे ड्रेस पलंगावर ओतले. चौदा होते. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही; ज्या माणसाला तिने नाही म्हटलं होतं त्याचं तोंड इतक्या वर्षांनी लख्ख आठवलं, आणि तिने एका ड्रेसची बाही दोन्ही हातांनी ओढली. शिवण उसवली नाही. आईची शिवण होती, दुहेरी. मग ती त्या ढिगाशेजारी बसून रडली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा निदान आपण कुणासाठी रडतोय ते तिला माहीत होतं.

दोन दिवस तिने रजा टाकली. तिसऱ्या दिवशी निळा ड्रेस घालून कामावर गेली. खोलीत सगळ्यांच्या नजरा तिच्या हातावर गेल्या. मग कुणीतरी ड्रेसचा रंग छान आहे म्हणालं, आणि काम सुरू झालं. फुलबाई हे नाव तसंच राहिलं. तिला आता उकडत कमी होतं, चक्करही आली नाही. बायका विचारायच्या, कुठे शिवला? ती भावजयीचा पत्ता द्यायची.

भाऊ रविवारी यायला लागला. सुरुवातीला दोघांना काय बोलावं ते सुचत नसे. अडतीस वर्षांचं न बोललेलं एका चहात बोलून होत नाही. तो तिच्या उजव्या बाजूला बसायचा, डावीकडे बघायचं टाळायचा. तिने ते ओळखलं होतं. कधी कधी ती आईवर चिडून बोलायची, मग तो आईची बाजू घ्यायचा. कधी तो चिडायचा, मग ती. दोघांनी मिळून आईला पुरतं दोषी ठरवलं असं एकदाही झालं नाही, आणि पुरती माफीही देता आली नाही.

अशाच एका रविवारी, उन्हाळा सरत आला असताना, त्याने विचारलं, की आई शेवटी काही म्हणाली होती का. तिने सांगितलं, की शेवटच्या आठवड्यात आई सारखी तिची डावी बाही चाचपायची. बटण सोडवायला बघायची, बोटांत जोर नसायचा. आणि विचारायची, बाळा, तुला उकडतंय का गं?

"मग तू काय म्हणालीस?"

"मला वाटलं, तिला भ्रम झालाय. बाहेर एवढी थंडी." फुलबाई खिडकीकडे बघत म्हणाली. "मी म्हटलं, नाही गं आई, मुळीच नाही. आणि तिचा हात उचलून पांघरुणात ठेवला."

भाऊ उठला, कप उचलून आत घेऊन गेला, आणि नळ सोडून कितीतरी वेळ ते दोनच कप विसळत उभा राहिला.