झटकायचं राहिलं

म्वांबिरे आजोबा आपल्या नातीला बायको म्हणत. केनियाच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या लोकांत रीतच होती तशी; नातीनेही आजोबाला नवरोबा म्हणून छळायचं, कामं सांगायची, रुसायचं. म्बेयू नैरोबीला जाऊन झाडाझुडपांची जाणकार झाली, मोठमोठ्या बैठकांत बोलू लागली, तरी ती गावी आली की आजोबा शेजारीपाजारी सांगत सुटत, "बायको माहेराहून आली."

या खेपेला मात्र नवराबायकोचं बिनसलं होतं.

भांडण कायावरून होतं. काया म्हणजे गावामागच्या टेकडीवरचं जुनं रान. पूर्वज तिथे राहिले, तिथेच पुरले गेले, आणि आता त्याची राखण आजोबांकडे होती. आत अनवाणी जायचं, डोक्यावर काही घ्यायचं नाही, आणि बाहेर पडताना दोन दगडांमधल्या दारात थांबून अंग झटकायचं. रानातलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. म्बेयू लहान असताना कायात तिच्या तळव्यात काटा मोडला, तो निघाला घरी आल्यावर. आजी तो चुलीत टाकणार, तेवढ्यात आजोबांनी तो चिमटीत धरला आणि भर उन्हात टेकडी चढून ते तो जागेवर ठेवून आले. गाव त्यावर अजून हसतं.

आता टेकडीतल्या चुनखडीवर खाणवाल्यांचा डोळा होता. दुर्मिळ झाडांच्या जागा शोधून, जपण्यासाठी त्या नकाशावर आणायच्या, हे म्बेयूचं काम. त्या नकाशात काया आली तर खाण अडवता येणार होती. आणि कायात तसं एक झाड होतं, जे दुसरीकडे कुठे उरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पंचाईत अशी, की त्याचं एक साधं भावंड किनाऱ्यावर जागोजाग उगवतं आणि दोघांतला फरक फुलाच्या पोटात असतो. फोटो दाखवला तर खाणवाले म्हणणार, हे तर ते साधंच. फुलासकट डहाळी हातात हवी होती, आणि बहर ओसरत आला होता.

तिने ती मागितली. आजोबा माडी पीत होते, तो भोपळा त्यांनी बाजूला ठेवला आणि नाही म्हणाले.

"सुरुंग लागले की अख्खी काया ट्रकात बसून बाहेर जाईल," ती म्हणाली. "मग दारात उभे राहून कुणाला झटकायला सांगाल?"

"ते पाप त्यांचं," आजोबा म्हणाले. "डहाळी गेली तर ते माझं."

दोघंही जेवली नाहीत. एकटीने जाऊन डहाळी तोडणं म्बेयूला अवघड नव्हतं. तसा विचार तिच्या मनात येऊनही गेला, पण तो काटा आठवला आणि तिने तो सोडून दिला.

सकाळी आजोबा प्रार्थनेला कायात गेले. ती दाराबाहेर दगडावर बसून राहिली. त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. मग झाडांतून ते येताना दिसले, खांद्यावर काळं कापड, पाऊल जपून टाकत. दारातून ते बाहेर पडले आणि थांबलेच नाहीत. तिच्यासमोरून पुढे गेले तेव्हा तिला दिसलं, पाठीवर कापडाच्या दशांत एक डहाळी अडकली होती. दोन पानं आणि एक पिवळं फूल.

म्बेयू तोंड मिटून बसली असती तरी काम झालं असतं. पण तिच्याच तोंडून निघून गेलं, "आजोबा, झटकायचं राहिलं."

ते थांबले. मागे वळले नाहीत.

"राहिलं का? म्हातारा झालो गं. विसरायला लागलो."

"तुम्ही विसरत नाही."

"नवरा विसरलो म्हणतोय तर बायकोने त्याला खोटं पाडू नये." त्यांनी पाठ थोडी वाकवली. "पाठीला काहीतरी टोचतंय बघ. माझा हात पुरत नाही."

तिने डहाळी सोडवली. ती वाऱ्याने मोडली होती की हाताने, हे तिने कधीच विचारलं नाही. आजोबांच्या पाठीला कपाळ टेकून ती रडली, आणि ते तसेच उभे राहिले.

संध्याकाळी आजोबा आपणहून पंचांसमोर जाऊन बसले. कायातलं काही जाणूनबुजून बाहेर नेणाऱ्याने पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पण आजोबांवर सगळ्यांचा जीव. वयामुळे विसर पडतो, त्यात कसला दोष, असं म्हणून पंचांनी विषय मिटवायला घेतला.

"विसरलो नव्हतो," आजोबा म्हणाले.

काया नकाशावर आली. खाणवाले बरेच दिवस भांडले आणि शेवटी दुसरीकडे निघून गेले. राखण पुतण्याकडे गेली. आजोबा रोज सकाळी दारापर्यंत जातात आणि बाहेरच्या दगडाला टेकून बसतात. आतल्या पाखरांच्या आवाजावरून कोणतं झाड फळाला आलंय ते त्यांना कळतं. तेवढ्यावर ते भागवतात.

म्बेयू गावी आली की आत जाऊन येते. कुठल्या झाडाची फांदी वाकली, कुठे नवं रोप उगवलं, सगळं त्यांना सांगते. परवा ती बाहेर आली, दारात उभी राहून तिने अंग झटकलं आणि त्यांच्याजवळ येऊ लागली.

"तिथेच थांब, बायको," आजोबा म्हणाले. "मान खाली कर."

काठी टेकत ते दारापर्यंत गेले. तिच्या केसांत त्यांनी सावकाश बोटं फिरवली आणि एक बारीकसं बी काढलं. ते चिमटीत धरून बराच वेळ पाहिलं. मग पाय अलीकडेच ठेवून, दगडाच्या आधाराने हात पुरेल तितका आत लांबवला आणि ते मातीवर ठेवलं.