बटाट्याची अर्धशिशी

रोह्यातल्या एका मंगल कार्यालयात दर गुरुवारी कर्णानंद महाराज कान टोचायचे. दमा असो, साखर असो, सुनेशी पटत नसो, कानाच्या वरच्या कडेला एक भोक पडलं की सगळं मिटणार. धाटावच्या कारखान्यांतली पहिली पाळी सुटली की कंपनीतले लोक गणवेशातच येऊन बसत, पेणहून एसटी भरून बाया येत. टोचून झालं की महाराज चांदीची बाळी घालत आणि भस्माची पुडी हातावर ठेवत. भस्म तेलात कालवून जखमेवर थापायचं, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, औषधाचं नावही काढायचं नाही. तीन दिवसांत पांढरीशुभ्र बाळी काळीठिक्कर पडे.

"डॉक्टर पीडा दाखवतो का? तो बिल दाखवतो," महाराज एकेक काळी बाळी उंच धरून सांगत. "मी पीडा काढून हातात देतो." लोक हात जोडत.

मी सुहासिनी. पेणला शाळेत विज्ञान शिकवते. त्या गुरुवारी मीही गर्दीत होते, कारण तिसऱ्या रांगेत नम्रता बसली होती आणि तिचा उजवा कान वांग्याएवढा सुजला होता. नम्रता माझीच जुनी विद्यार्थिनी. म्हणजे या प्रकरणात थोडं अपयश माझ्याही नावावर आहे.

नम्रता धाटावला एका कंपनीत बाटल्यांवरची बारीक अक्षरातली लेबलं तपासते. पाळी संपेपर्यंत तिचं अर्धं डोकं ठणकायला लागतं. महाराजांनी अर्धशिशी ठरवली, कान टोचला. दहाव्या दिवशी कान लाल, गरम, पू येतोय, अंगात ताप. महाराज म्हणाले, पीडा जुनी आहे, निघताना धिंगाणा घालणारच. भस्म दुप्पट लावा.

तिला मी एकदा ओढूनच पेणला माझ्या ओळखीच्या डॉक्टर अंबरीशकडे नेलं होतं. त्याने स्पष्ट सांगितलं, की कानाच्या वरच्या भागात कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, असते, तिला रक्त कमी मिळतं. पू साचला तर ती विरघळते आणि कान कायमचा चुरगळतो. म्हणून भस्म आजच बंद, गोळ्या आजच सुरू. दुकानातून सलाइनची बाटली आणायची, दिवसातून दोनदा त्या मिठाच्या पाण्याने हलकेच धुवायचं, हात धुतल्याशिवाय कानाला शिवायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा यायचं.

नम्रताची आई बायजाबाई सगळं ऐकून मिठापाशी अडली. खाडीकाठच्या मिठागरात तिची तीस वर्षं गेलीत.

"मिठानं दुखनं जात असतं, बाई, त आमच्या घरात कोन आजारी पडला असता काय?" तिने मला विचारलं.

घरच्या मिठावर विश्वास नाही, परक्याच्या राखेवर आहे. गोळ्या देवाच्या फळीवर गेल्या, भस्म कानावर राहिलं. शिवाय माझे गुडघे दुखतात म्हणून बायजाबाईने प्रेमाने एक पुडी मलाही दिली. मी ती हुंगली. दिवाळीतल्या टिकल्यांचा वास आला.

मग मी महाराजांकडून दोन बाळ्या आणल्या, एक माझ्या गुडघ्यांसाठी, एक नवऱ्याच्या ढेकरांसाठी. मुहूर्त बरा नाही म्हणून टोचून घ्यायचं टाळलं. घरी येऊन दोन बटाटे टोचले. दोघांना बाळ्या घातल्या. एकाला महाराजांचं भस्म तेलात कालवून लावलं, दुसऱ्याला उदबत्तीची राख. तीन दिवस दोघांची सेवा केली.

तर त्या गुरुवारी मी पुढे गेले आणि काळी बाळी महाराजांच्या हातात ठेवली. ही कुणाची पीडा, एवढंच विचारलं. महाराजांनी डोळे मिटले. स्त्री आहे, म्हणाले. डोक्याची शीर आखडली आहे. माहेरकडून दोष आहे.

"माहेर वाशीच्या बाजारातलं आहे," मी म्हटलं आणि पिशवीतून बटाटा काढला.

लोक हसले. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बटाट्यालाही जीव असतो," ते शांतपणे म्हणाले, आणि खरं सांगते, निम्म्या सभागृहाने मान डोलावली. मग मी दुसरा बटाटा काढला. त्याच टोपलीतला, तेवढेच दिवस, बाळीही महाराजांचीच. पण लावली होती साधी राख, आणि बाळी अजून चकचकीत. लोकांना सांगितलं, की भस्मात गंधक आहे. गंधक चांदीला लागलं की चांदी काळी पडते, मग ती कानात असो की भाजीत.

महाराज शास्त्र, सत्ययुग आणि माझे संस्कार यांवर बोलू लागले. तेव्हा नम्रताशेजारी बसलेली बायजाबाई उठून उभी राहिली. तिला बटाट्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"माज्या पोरीचा कान वाचंल का नाय, तेवढा सांगा."

"श्रद्धा ढळली की भस्म काम करत नाही," महाराज म्हणाले.

बायजाबाईने लेकीचा दंड धरला. "ऊठ गो," म्हणाली, "डागदराकडं चल."

अंबरीशने त्याच संध्याकाळी कानाला चीर देऊन पू काढला. ताप उतरला, कान राहिला, पण वरची कड आत दुमडली ती दुमडलीच. गेलेली कूर्चा परत येत नाही. डोकेदुखीसाठी त्याने नम्रताला डोळे तपासायला पाठवलं. जवळचं वाचायचा नंबर निघाला. अर्धशिशी वगैरे काही नव्हतीच. आता तिला चष्मा आहे, डोकं दुखत नाही. फक्त उजव्या कानावर चष्म्याची काडी बसत नाही. लेबलं वाचताना ती एका हाताने चष्मा धरून ठेवते.

मला याचा राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. कान टोचा, हौसेने टोचा, नाकही टोचा. जखम झाली की ती जखम आहे, तिला स्वच्छ पाणी आणि धीर लागतो. आणि कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याआधी तो एकदा बटाट्यावर करून बघा. बटाटा वाया गेला तर भाजीला दुसरा मिळतो.