आजपर्यंतची फाइल

शेवटी फाइल मिळाली आणि दादा निर्दोष निघाला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. पाणीपुरवठा कचेरीही बराच काळ तसंच समजून चालली होती.

तर, अजून काहीच मिळालेलं नाही. शिंपीणबाई खिडकीपाशी उभी आहे आणि आत कारकून अंगठ्याला थुंकी लावून कागद मोजतोय, प्रत्येक पानाशी जुनी ओळख असल्यासारखा.

तिचा थोरला भाऊ याच कचेरीचा कामगार. टाकी धुवायला आत उतरला, पाणी सुटलं आणि तो आतच बुडाला. चौकशी झाली, निकाल घरी तोंडी कळवला: व्हॉल्व्ह बंद करायला तोच विसरला. तेव्हापासून आईचा एकच प्रश्न. "खरंच विसरला असेल का गं? घरातून निघताना गॅस तीनदा बघणारा माणूस तो!" आईच्या फुप्फुसांनी तोवर राजीनामा दिला होता, फक्त मंजूर व्हायचा होता.

म्हणून शिंपीणबाईने चौकशीचे कागद मागितले. अर्ज वजनदार वाटावा म्हणून ऐटीत लिहिलं: 'सदर प्रकरणाची आजपर्यंतची संपूर्ण फाइल मिळावी.' घात केला तो 'आजपर्यंतची' या शब्दाने.

शुल्क पानागणिक होतं. तिने भरलं. भरल्याची पावती फाइलला लागली. आजपर्यंतची फाइल एका पानाने वाढली आणि भरलेले पैसे कमी पडले.

"मग त्या एका पानाचे घ्या ना," ती म्हणाली.

"घेतो की. पावती देतो."

"आणि ती पावती?"

"फाइलला लागणार."

"मला पावती नकोच, भाऊसाहेब."

"मग पावती नको असल्याचा अर्ज द्या. पाठपोट लिहू नका हं ताई, आम्ही दोन पानं धरतो." त्याच्या आवाजात खरोखर माया होती.

"तो एक शब्द खोडून टाका की!"

"सरकारी कागदावर खाडाखोड? मला घरी बसवायचंय का? दुरुस्तीचा अर्ज करा."

तिने केला. तोही फाइलला लागला. दुरुस्ती विचाराधीन असल्याचं पत्र आलं, त्याची कार्यालयीन प्रतही लागली. फाइल बाळसं धरू लागली. इकडे शिंपीणबाईने काठ शिवायचं मशीन विकलं आणि गिऱ्हाइकांच्या पँटी हाताने दुमडायला घेतल्या.

"आली का फाइल?" आई पडल्या पडल्या विचारायची.

"वाढतेय."

"खायला कोण घालतं तिला?"

"मीच."

आई हसली, मग खोकली, मग बराच वेळ नुसतीच खोकली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "जाऊ दे गं. विसरला असं धरूनच मी त्याला माफ करून टाकलंय."

त्याच आठवड्यात तिचा राजीनामा मंजूर झाला. घरातला एवढा एकच कागद वेळेत हलला.

पुढे कारकून रजेवर गेला. बदली आलेल्या माणसाला फाइलला कागद लावायची दोरी सापडली नाही. त्यामुळे शिंपीणबाईची शेवटची पावती टेबलावरच राहिली, पानं आणि पैसे जुळले, आणि त्याने गठ्ठा तिच्या हातात दिला. "एवढंच होतं? आधीच यायचं ना बाई!"

घरी येऊन तिने कात्रीने गठ्ठ्याची सुतळी कापली. वर तिचे स्वतःचेच अर्ज. त्याखाली अर्ज. त्याखाली पावत्या. स्वतःचं अक्षर इतक्या महाग भावात कुणी विकत घेतलं नसेल. तळाशी चौकशीची मोजकी पानं, आणि पान तीनवर लिहिलेलं: 'कामगाराने उतरण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावले होते. वरिष्ठांची पाहणी असल्याने कुलूप तोडून पाणी सोडण्यात आले.'

सोडण्यात आले. कुणी सोडलं, ते निरंक. सरकारी पाणी असं आपलंआपणच सोडण्यात येतं.

पहिल्याच दिवशी नुसतं पान तीन मागितलं असतं तर आईच्या उशाशी बसून वाचता आलं असतं. पण पान तीन मागायचं हे कळायला फाइल लागते. आई मात्र न केलेल्या चुकीची माफी देऊन गेली होती, आणि ती परत घ्यायची सोय कुठल्याच खिडकीत नव्हती.

ती रडली नाही. हात सवयीने कोऱ्या कागदाकडे गेला. पाठपोट न लिहिता तिने लिहिलं:

'प्रति, मा. अधिकारी, पाणीपुरवठा कचेरी.
विषय: मुदतवाढ मिळणेबाबत.
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, अर्जदाराची आई मागील महिन्यात मयत झाली असून, सोबत जोडलेले पान तीन तिला वाचून दाखवणे बाकी आहे. तरी सदर मृत्यूस पान वाचून होईपर्यंत स्थगिती देण्यात यावी. पान एकच आहे. होणारे शुल्क भरण्यास अर्जदार तयार आहे. पावती नको.'