खालची कवळी

ताई दिवसभर परक्या माणसांचे दात घडवायची, आणि संध्याकाळी घरी आली की स्वतःचे दात वापरायचा कंटाळा करायची. डेंटल लॅबमधली खिडकीजवळची खुर्ची सव्वीस वर्षं तिचीच होती. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची, ती कवळ्या करून पाठवायची. आई गेल्यावर मात्र तिचं रात्रीचं जेवण म्हणजे दुधात बुडवलेला पाव. तोही सिंकपाशी उभ्यानेच.

धाकट्या बहिणीला हे कळलं तेव्हा ती फोनवर कडाडली. ‘‘दात शाबूत असताना पाव बुडवून खातेस? उद्यापासून साडेसहाला फोन उचलायचा. मी सांगेन ते करायचं.’’

धाकटी दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे एकटीने जेवणं म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. नियम तिचेच. दोघींनी फोन स्पीकरवर टाकून मिठाच्या बरणीला टेकवायचा आणि दोन गावांत एकच पदार्थ करायचा. वीस मिनिटांच्या वर वेळ नाही, दोनाच्या वर भांडी नाहीत, ताटात हिरवं काहीतरी पाहिजेच. जिचं आधी होईल तिने ताटावर चमचा वाजवायचा.

चार वर्षं हे चाललं होतं. पालक घालून अंडी, मसुरीचं सूप, उकडलेल्या चवळीत कांदा-टोमॅटो-लिंबू. लॅबमधली एक बाई म्हणायची, ‘‘तुमची तब्येत सुधारली हो.’’ ताई म्हणायची, ‘‘धाकाने सुधारली.’’ सहा वाजले की तिचे पाय आपोआप घराकडे वळायचे.

आणि मग एका सोमवारी, गाजर-काकडीच्या दिवशी, ताईला तो आवाज ऐकू आला.

टक्. टक्. टक्.

घास तोंडात तसाच ठेवून ती ऐकत राहिली. भांड्याचा नव्हता, दाराचा नव्हता. हा आवाज तिच्या रोजीरोटीचा होता. खालची कवळी ढिली झाली की चावताना उचलली जाते आणि वरच्या दातांवर आपटते. आणि धाकटीचे दात तर असे, की अक्रोड फोडावेत.

‘‘कोण आलंय गं?’’

‘‘कुठे कोण? रेडिओ आहे.’’

रेडिओ गाजर खात नाही, हे ताईने ओठांवरच अडवलं. मंगळवारी रेडिओने कोबी खाल्ला. बुधवारी धाकटी म्हणाली, ‘‘दोन अंडी फोड,’’ आणि लगेच, ‘‘एक, एक. चुकले.’’ धाकटी मांजरासारखी डोळे मिटून दूध पीत होती, आणि ताईही आपले डोळे मिटून बसली होती. विचारलं, तर उत्तर येणार. उत्तर आलं, की साडेसहाचा फोन आधी सातला जाणार, मग रविवारी, मग सणासुदीला. दोन माणसं समोरासमोर जेवायला बसली, की मिठाच्या बरणीशी कोण बोलतं?

तीन आठवडे तिने कळ काढली. पण सवय वाईट. तो आवाज ऐकला की तिची बोटं टेबलावर आपोआप मापं घ्यायला लागायची. डावीकडून जास्त उचलतेय. हिरडी झिजली असणार. त्या माणसाला घासागणिक टोचत असेल आणि हा बाबा गप्प खातोय.

शेवटी एका गुरुवारी तिच्या तोंडून निघून गेलं.

‘‘चिमे, त्यांची खालची कवळी ढिली आहे.’’

पलीकडे चमचा खाली पडला.

धाकटी म्हणाली, ‘‘तू एकटी पडशील म्हणून नाही सांगितलं, ताई.’’

‘‘कोण आहेत?’’

‘‘बस चालवायचे. आता निवृत्त झालेत. कवळी चिकटवायची पावडर घ्यायला यायचे दुकानात. दर आठवड्याला एक डबी.’’

‘‘दर आठवड्याला?’’ ताई हसली. ‘‘वेडे, एवढी पावडर हत्तीला लागत नाही. ते पावडरीसाठी येत नव्हते.’’

मागून जाड, लाजरा आवाज आला, ‘‘नमस्कार ताई.’’

‘‘नमस्कार. तिथल्या दातांच्या डॉक्टरांकडून कवळीच्या आतून हिरडीचं माप घेऊन घ्या, आणि ती कवळी माझ्या लॅबला पाठवायला सांगा. तीन-चार दिवस बोळकं राहील. चालेल?’’

‘‘चालवून घेऊ.’’

ते चार दिवस तिघांनी सूपच केलं. मसुरीचं, भोपळ्याचं, पुन्हा मसुरीचं. ‘‘तुला कशाला शिक्षा? तू चावून खा की,’’ धाकटी म्हणाली. पण नियम म्हणजे नियम, ताईने सूपच प्यायलं.

मंगळवारी कवळी तिच्या हातात आली. मध्यम जबडा, झिजलेली डावी बाजू, पुढच्या एका दाताला बारीक टवका. ज्या माणसाला तिने पाहिलं नव्हतं त्याचं तोंड तिला आता पाठ झालं. आतून नवा थर चढवला, कडा घासल्या, दिव्याखाली पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. घाईने केली असती तर कुणाला कळलं नसतं. आवाज थोडा राहिला असता, इतकंच. ती नेहमीपेक्षा तासभर जास्त बसली आणि टवकाही भरून टाकला.

शुक्रवारी फोन साडेसहाला आला नाही. सहा पस्तीसला आला.

‘‘बसली गं! घट्ट बसली! ते येताना बाजारातून गाजरं घेऊनच आले,’’ धाकटी ओरडली. ‘‘आज गाजर.’’

ताईने गाजर चिरलं, पालक परतला, अंडं फोडलं. एक. चमचा ताटावर वाजवला. तिकडून दोन चमचे वाजले, एकामागून एक.

मग तिघं जेवायला लागली. ताईने फोन बरणीपासून उचलून कानाशी धरला. आवाज येत नव्हता. अजिबात नाही. काम चोख झालं होतं. त्या दोघांचं काहीतरी हळू बोलणं चाललं होतं, मीठ दे, पाणी घे, असलं.

‘‘ताई, आहेस ना?’’ मध्येच धाकटीने विचारलं.

‘‘आहे की,’’ ताई म्हणाली, आणि आपण आहोत हे तिकडे कळावं म्हणून गाजराचा तुकडा जरा जोरातच चावला.