धक्क्यापुरतं स्वच्छ पाणी

शनिवारी सकाळी दहा वाजता तळ्याच्या धक्क्यावर इतकी माणसं जमली होती की खालच्या फळ्या करकरायला लागल्या. एरवी तळ्याकाठच्या घरमालक संघाची सभा असली की कोरम भरण्यासाठी सेक्रेटरीकाकूंना दारोदार फिरून हात जोडावे लागायचे. आज बघावं तर बेचाळीस घरांतली झाडून सगळी हजर! दातांचे डॉक्टर तर पेशंटला खुर्चीत तसंच आ वासून बसवून आले असावेत, कारण हातमोजे काढायचंही त्यांना भान नव्हतं.

धक्क्याच्या टोकाला पांढरी विजार, पांढरा सदरा आणि अनवाणी पाय असे एक गृहस्थ डोळे मिटून उभे होते. त्यांच्या कार्डावर 'जलतरंगज्ञ' असं छापलेलं होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव तरंगाचार्य ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात.

"पाण्याला सगळं कळतं," तरंगाचार्य म्हणाले. "तुम्ही त्याच्या काठावर काय लावलंत? 'पोहण्यास सक्त मनाई.' रोज उठून अपमान! पाणी खचलं. रुसलं. हिरवं पडलं."

"अरेरे," कुणीतरी खरोखरच हळहळलं.

गेले तीन आठवडे धक्क्याच्या खांबांवर पाण्याकडे तोंड करून कागद चिकटवलेले होते. 'तू सुंदर आहेस', 'आमचं तुझ्यावर प्रेम आहे' असं काय काय त्यावर लिहिलेलं. तळ्याला वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली होती. संघाचे अध्यक्ष, ज्यांनी स्वतःच्या बायकोला असलं काही उभ्या जन्मात लिहिलं नसेल, त्यांनी स्वतःच्या हातांनी सहा कागद रंगवले होते.

तरंगाचार्यांनी दोरीला ओवलेल्या तांब्याच्या अकरा चकत्या पाण्यात सोडल्या, घशातून एक लांबलचक हुंकार काढला आणि मग डोळे उघडून म्हणाले, "आता बघा."

अध्यक्षांनी संघाची तबकडी पाण्यात सोडली. काळ्यापांढऱ्या रंगाची, ताटाएवढी, दोरीला बांधलेली तबकडी ती. दोरीला दर अर्ध्या फुटाला गाठ. तबकडी दिसेनाशी होईपर्यंत किती गाठी पाण्यात जातात ते मोजायचं, की पाणी किती नितळ ते कळलं. अकरा वर्षं दर रविवारी काकू हेच करत आल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी दीड गाठ भरली होती.

"चार," अध्यक्ष मोजू लागले. "पाच... सहा... अहो, आठ! आठ गाठी!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. खरंच, धक्क्याजवळ आठवडाभरापूर्वी दिसणारी ती हिरवी जाड साय कुठल्या कुठे गेली होती. तळाचे गोटे दिसत होते. काकूंनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. गोटेच ते.

तिथल्या तिथे, उभ्याउभ्या सभा झाली. मनाईची पाटी काढायची, हात वर. मुलांची पोहण्याची शर्यत उद्याच घ्यायची, हात वर. घरोघरच्या मैलाटाक्या उघडून तपासण्याचा काकूंचा ठराव रद्द. दोन्ही हात वर.

"अहो, थांबा!" काकू ओरडल्या. "टाक्या गळतायत म्हणून तर हे सगळं होतंय! घाण झिरपते, हिरवळीवरचं खत वाहून येतं, त्यावर शेवाळ पोसतं. आणि हे साधं शेवाळ नाही, विषारी आहे. डॉक्टर, तुमचं कुत्रं मागच्या वर्षी हे पाणी प्यालं आणि दोन दिवस ओकत होतं. विसरलात?"

"त्याने चप्पलही खाल्ली होती हो," डॉक्टर म्हणाले.

"काकू," अध्यक्ष गोड हसले, "तबकडी तुमची, गाठी तुमच्या, मोजायचा नियम तुमचा. आठ भरल्या ना? मग आता कशाला खोड काढताय?"

तरंगाचार्यांनी हात जोडले. "ताईंवर रागावू नका. त्यांनी आयुष्य प्रयोगशाळेत काढलंय. बाटलीत भरलेलं पाणी बोलत नाही." लोक हसले. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आठ गाठी त्यांनीही मोजल्या होत्या.

"उद्या सकाळी दहालाच शर्यत घ्या," तरंगाचार्य अध्यक्षांना म्हणाले. "दुपारी मला दुसऱ्या तळ्यावर जायचंय."

"छे छे, चारला! सगळे पाहुणे जेवून येणार. तुमचा सत्कारही करायचाय."

तरंगाचार्यांचा चेहरा क्षणभर उतरला. तो कशाने उतरला, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. काकूंच्याही नाही.

घरी आल्यावर वेगळाच तमाशा. काकूंची नऊ वर्षांची नात, जिला घरात सगळे बेडकी म्हणत, पोहण्याचा पोशाख घालून सोफ्यावर उभी होती. गेले दोन उन्हाळे ती आजीशी याच एका कारणासाठी भांडत होती. शहरातल्या तरण तलावात ती पहिली यायची आणि स्वतःच्या दारातल्या तळ्यात तिला पाय बुडवायची चोरी.

"आजी, तू हरलीस!" ती नाचत म्हणाली.

"तू उद्या पाण्यात उतरणार नाहीस."

"बाबा!"

काकूंचा मुलगा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "आई, पुरे ना आता. सगळी पोरं उतरणार आणि हिने एकटीने काठावर बसायचं? पाणी स्वच्छ झालंय. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मीही डोळ्यांनीच पाहिलं! म्हणून तर डोकं फुटायची वेळ आलीय!"

काकू स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटू लागल्या. अकरा वर्षं! पत्रकं वाटली, नमुने तपासले, एकेकाच्या दारात उभं राहून टाकीचं झाकण उघडा म्हणून विनवण्या केल्या. बेचाळीसपैकी तीन घरांनी झाकण उघडलं. बाकीच्यांचं आपलं, "बघू", "पाहुणे आलेत", "झाकणावर गुलाब लावलाय". आणि हा बाबा येतो काय, चकत्या बुडवतो काय, आणि पोरासोरांना पाण्यात ढकलायला निघतो काय! त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बेडकी हळूच दारात आली. भांडण झालं की सलोख्याला काहीतरी काम काढायची तिची पद्धत होती. "आजी, माझा लाल चेंडू आणायला येतेस? गुरुवारी धक्क्यावरून पाण्यात पडला."

"मग तो काय अजून तिथेच असेल?"

"नाही गं. वाऱ्याने गेला ना, सरळ पलीकडे. बगळ्यांच्या कोपऱ्यात. मी बघत होते."

काकूंच्या हातातली कढई हातातच राहिली.

"कोणत्या वाऱ्याने?"

"असं काय करतेस! बुधवारपासून टेकडीकडून वाहतोय की. आपली खिडकी सारखी आपटतेय."

काकूंनी कढई ठेवली, होडीची किल्ली घेतली आणि गुडघ्याला पट्टा बांधला. संघाची होडी वल्हवणं त्यांनी गुडघ्यापायीच सोडलं होतं. आज बेडकीने एक वल्हं धरलं, त्यांनी एक. वारा पाठीशी होता, त्यामुळे होडी आपसूकच पुढे चालली होती.

बगळ्यांचा कोपरा म्हणजे तळ्याचं पार पलीकडचं टोक. तिथे एकही घर नाही. फक्त लव्हाळं आणि एक बंद पडलेलं पंपघर. बेचाळीस घरांपैकी कुणी तिकडे फिरकत नसे. होडी लव्हाळ्याशी पोचली आणि वल्हं जड झालं. बेडकीने नाक दाबलं. पाणी असं दिसतच नव्हतं. हिरव्या रंगाचा डबा ओतावा तसा हातभर जाड थर काठापर्यंत पसरला होता, आणि त्यात पांढऱ्या पोटाचे मासे उलटे पडले होते. मध्ये चेंडू होता. तो आता लाल नव्हता.

"हात लावू नकोस!" काकूंनी वल्ह्याने चेंडू ओढला.

"आजी, आपल्या धक्क्यावरची घाण इथे कुणी आणून टाकली?"

"ज्याने तुझा चेंडू आणला, त्यानेच."

बेडकीने चेंडूवरून नजर काढून मागे, धक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे वारा फिरला की ती परत येणार?"

शाबास, पोरी! संघाच्या कार्यकारिणीत नऊ जण होते, त्यांत दोन इंजिनियर, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

घरी येताच काकूंनी मोजणीची वही काढली. तारीख, गाठी, वाऱ्याची दिशा. हवामानाचा रकाना त्यांनी सवयीने ठेवला होता आणि कधी नीट वाचला नव्हता. आता बोट ठेवून वाचू लागल्या तर सगळं समोरच होतं. टेकडीचा वारा दोनतीन दिवस वाहिला की सहा गाठी, सात गाठी. उलटा वारा, की दीड. आणि टेकडीच्या वाऱ्याच्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीची एक बारीक खूण होती. ती खूण काकूंची नव्हती.

त्यांना आठवलं. आल्याआल्या तरंगाचार्यांनी वही मागून नेली होती. 'मला तळ्याची व्यथा वाचायचीय, ताई.' चार दिवस ठेवली होती. नंतर दोनदा विधीचा दिवस पुढे ढकलला. 'पाणी अजून नाराज आहे.' पाणी कसलं नाराज! मेला वाऱ्याची वाट बघत होता! बाकी काम मोबाइलवरच्या हवामानाच्या अंदाजाने केलं.

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट पुढेच होती. 'मोजणी फक्त धक्क्यावर करावी' हा नियम काकूंचाच. पूर्वी त्या होडीतून चार ठिकाणी मोजायच्या. गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनीच ठराव मांडला आणि सगळ्यांनी आनंदाने मंजूर केला. तेव्हापासून धक्का म्हणजेच तळं.

उद्याचा अंदाज त्यांनी पाहिला. दुपारी एकपासून वारा उलटा, टेकडीकडे. तो चेहरा कशाने उतरला होता, ते आता कळलं.

अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, "काकू, झोपा आता." मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "असेलही गं, पण नक्की कशावरून?" तेव्हा काकूंनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या आणि रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या हातात दिल्या. "साडेतीनला उघडायचं. आधी नाही. एवढं तरी ऐका."

रविवारी तीन वाजता धक्क्यावर खुर्च्या, ध्वनिक्षेपक, फुगे. बावीस पोरं पोशाख घालून रांगेत, आणि बेडकी त्यात नव्हती. ती आजीजवळ फ्रॉक घालून उभी होती आणि सगळ्या मैत्रिणी तिच्याकडे बघत होत्या. रडायची नाही म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते. फुगे सकाळी लावले तेव्हा तळ्याकडे झुकत होते, आता घरांकडे झुकले होते.

तरंगाचार्यांची बॅग केव्हाच भरून तयार होती. "सत्कार राहू द्या. माझी गाडी आलीय."

"असं कसं?" काकू वाटेत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात काचेचा पेला होता, नुकताच तळ्यातून भरलेला. "जाण्यापूर्वी हे घ्या. तुम्हीच शुद्ध केलंय ना?"

"आज माझा उपवास आहे, ताई."

"पाण्याचासुद्धा?"

पहिल्यांदाच कुणीतरी काकूंच्या बाजूने हसलं. तेवढ्यात डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि पाकीट फोडलं. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"'एक वाजता वारा फिरेल. साडेतीनच्या सुमाराला हिरवी साय धक्क्याला लागायला सुरुवात होईल. चार वाजायच्या आत तबकडी तीन गाठींच्याही आत दिसेनाशी होईल. याला चकत्या लागत नाहीत.'"

सगळ्यांनी वळून पाण्याकडे पाहिलं. बगळ्यांच्या कोपऱ्याकडून हिरवे पट्टे येत होते, आणि 'तू सुंदर आहेस' लिहिलेल्या पहिल्या खांबाला त्यांतला एक लागलासुद्धा होता.

"पोरांना मागे घ्या!" ओरडला तो काकूंचा मुलगा.

अध्यक्षांनी तबकडी सोडली. "दोन... अडीच... गेली."

काकूंनी वही उघडून पेन्सिलीच्या खुणा एकेकाला दाखवल्या. बेडकीने हिरवा झालेला चेंडू पारदर्शक पिशवीसकट खुर्चीवर ठेवला. तरंगाचार्य एव्हाना गाडीत बसून दार लावत होते. तांब्याच्या चकत्या मात्र पाण्यातच राहिल्या.

"पण काकू," डॉक्टर अडखळत म्हणाले, "त्या चकत्या बुधवारीच सोडल्या असत्या, तर कदाचित..."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग ध्वनिक्षेपक ओढून घेतला. आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत.

"ऐका. चूक माझीही आहे. गुडघा दुखतो म्हणून मी एकाच जागी मोजत राहिले, आणि माझ्याच वहीतून त्या माणसाने तुम्हाला फसवलं. पण तुम्हीही फसायला तयारच होतात! घाण नाहीशी झाली नव्हती, फक्त पलीकडे गेली होती. एकाने तरी पलीकडे जाऊन बघायचं होतं. घाण येते ती तुमच्या-माझ्या टाकीतून. चमत्कार आवडतो, कारण चमत्काराला झाकण उघडावं लागत नाही. विचारा, मोजा, चारही बाजूंनी बघा. मी सांगते म्हणूनही मानू नका, स्वतः बघा!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक फुगे सोडू लागले, खुर्च्या घडी करू लागले. "बघू," "पुढच्या सभेत ठेवू," "पाहुणे आहेत" असं कानावर पडायला लागलं आणि काकू मटकन पायरीवर बसल्या.

"आजी, पुढच्या वर्षी तरी पोहता येईल?"

"टाक्या उघडल्या, तर पुढेमागे येईल. या लोकांकडून काय उघडतायत!"

बेडकीने गवतात पडलेली मनाईची पाटी उचलली, खांबाला टेकवून उभी केली आणि हात झटकले. मग ती चेंडूची पिशवी काखेत मारून सरळ अध्यक्षांच्या फाटकातून आत शिरली. ती बावीस पोरं, तशीच पोशाखात, तिच्यामागे गेली. अध्यक्ष दारातच होते.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या टाकीचं झाकण कुठेय?"

"अगं, त्याच्यावर गुलाब लावलाय..."

"चालेल. आम्ही कुंडी आणलीय."