ताकदीचं इंजेक्शन

बाजाराचा दिवस होता. भाकरी थापून झाल्यावर उज्ज्वलानं लेकीची, संगीताची वेणी घातली आणि ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. दर तीन महिन्यांनी भारत तिला तांड्यावरून दिग्रसला जीवन डॉक्टरकडे नेई. दंडात एक सुई टोचली की काम झालं. ताकदीचं इंजेक्शन, असं तो सांगे. जिनिंगमध्ये दिवसभर कापूस निवडणाऱ्या बाईला ताकद हवीच! नवरा एवढी काळजी घेतो म्हणून शेजारणी तिचा हेवा करत.

असं नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत उज्ज्वलाची पाळी बंद पडली. सासू रुपीबाईनं अंगारे लावले, कुणाची नजर लागली ते शोधलं. मग डोकं ठणकू लागलं, डाव्या डोळ्यापुढे धुकं धरलं. तिनं डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. "कापसाची धूळ हाय बाई," म्हणाला. डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि वर तीच सुई टोचली.

पुढच्याच आठवड्यात ती कापसाच्या ढिगावर झटका येऊन पडली.

नागपूरच्या दवाखान्यात तिच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. गाठ कर्करोगाची नव्हती, पण डावा डोळा गेला तो गेलाच. टाके काढायच्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दिग्रसहून आलेले कागद पाहत सहज विचारलं, "मूल न होण्याचं इंजेक्शन किती वर्षं घेत होतात?"

"मूल न होण्याचं नाई मॅडम. ताकदीचं."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. त्यांनी भारतकडे पाहिलं. भारत फरशीकडे पाहत होता.

"गाठ त्यामुळेच झाली असं मी खात्रीनं सांगू शकत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण संबंध असू शकतो. डोळ्याची तक्रार सांगितली तेव्हाच ते थांबवून तपासणी करायला हवी होती."

एसटीत बसल्यावर उज्ज्वलानं एकच विचारलं. "काहून?"

"तूच म्हने ना, दोन लेकरं पुरे, तुमी नसबंदी करा," भारत खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मर्दाची ताकद जाते त्यानं. अन् तुह्यं ऑपरेशन केलं असतं त जिनिंगचा सीजन गेला असता. म्या काय वाईट केलं?"

तिला रडू आलं नाही. पाळी गेली म्हणून सासूनं लावलेले अंगारे तिला आठवले. आपल्या अंगातलं गुपित दोन पुरुषांनी नऊ वर्षं वाटून घेतलं, आणि आपण मात्र देवाला दोष देत बसलो! त्या क्षणी तिच्या पोटात जो राग पेटला, तो तिनं विझू दिला नाही. चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपला.

पैसा मिळेल म्हणून नुकसानभरपाईची केस करायची टूम भारतनंच काढली. यवतमाळच्या वकील मैत्रेयीताईंनी ग्राहक आयोगात तक्रार लावली. सुनावणी जवळ आली तसा डॉक्टर घाबरला. एका दुपारी तो स्वतः तांड्यावर आला. बाजेवर बसून गोड बोलला, बरीच मोठी रक्कम सांगितली. बदल्यात एकच कागद हवा होता: इंजेक्शन कशाचं आहे हे पत्नीला माहीत होतं.

"घेऊन टाक," भारत म्हणाला. "कोर्टात कोन्ही जिंकलं हाय का?"

उज्ज्वलानं कागद वाचला. एका डोळ्यानं, सावकाश, शेवटपर्यंत. मग डॉक्टरच्या हातात परत दिला.

"डॉक्टरसाब, मले पैसा नंतर पायजे. पयले तुमची मान खाली गेलेली पाहाची हाय."

सुनावणीत डॉक्टरच्या वकिलानं संमतीचे जुने कागद काढले. प्रत्येकावर उज्ज्वलाच्या नावापुढे अंगठा होता. मैत्रेयीताईंनी तिला आदल्या दिवशीच हे कागद दाखवून बजावलं होतं, "खरं सांगितलंस तर नवराही अडकेल. विचार करून बोल."

"मी सातवी शिकली, साहेब," उज्ज्वला आयोगापुढे म्हणाली. "मले सही येते. अंगठा कायले मारू?" तिनं समोरच्या कोऱ्या कागदावर ठसठशीत सही केली.

"मग हा अंगठा कुणाचा?" आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं.

लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. ती मागे वळली. भारत शेवटच्या बाकावर बसला होता, मान हलवून नको नको म्हणत होता. तिला त्याची भीती दिसली आणि फार बरं वाटलं.

"भारत डोंगरसिंग आडे," ती मोठ्यानं म्हणाली. "तो बसला तिथं. दर खेपी डॉक्टरच्या टेबलावर तोच अंगठा मारे. अन् डॉक्टरनं त्याले विचारलं, मले नाई. आंग माह्यं होतं."

निकाल लागला. गाठ इंजेक्शनमुळेच झाली हे सिद्ध होत नाही, असं आयोगानं म्हटलं. पण बाईला न सांगता, तिची संमती न घेता औषध दिलं आणि तक्रारीकडे दुर्लक्ष केलं, हे सिद्ध झालं. भरपाई फक्त तिच्या खात्यात जमा करण्याचा आदेश निघाला. अंगठ्यांची चौकशी पोलिसांकडे गेली. रुपीबाई म्हणाली, "आपल्याच मानसाले जेलात घालतं का?" उज्ज्वलानं कपड्यांचं गाठोडं बांधलं. लेकरांना घेऊन तिनं दिग्रसला खोली केली.

आता दर बाजाराच्या दिवशी ती जीवन डॉक्टरच्या दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे उभी राहते. हातात निकालाची प्रत. नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या मागे खाली मान घालून येणारी बाई दिसली की तिला अडवते.

"बाई, पोर नको असन त बिलकूल नको होऊ देऊ. इंजेक्शन घ्याचं असन त घे. पन काय टोचून राह्यले हे तुले कोनं सांगतलं?"

कितीतरी बायका तिथंच थबकतात.

एकदा डॉक्टर चिडून बाहेर आला. "पैसे भेटले ना तुले? अजून काय पायजे?"

"मी नऊ वर्षं आली तुमच्याकडं," उज्ज्वला म्हणाली. "आताशी त चौथाच महिना हाय."